पहिला झुरका

नुहादने ते नुसतं ओठांना लावून पाहिलं होतं. ओढायचं असं अजून तिच्या मनातही आलं नव्हतं. पण माणसाचा श्वास चालूच असतो, आणि तो आत जाताना त्या बोटभर नळकांड्याच्या बुडाशी एक हिरवा ठिपका उजळला आणि तोंड एकदम गोड धुराने भरलं. ती दचकली. हातातला कॉफीचा कप बशीत कलंडला, गाळ टेबलावर सांडला. इतकी वर्षं हुक्का ओढण्यात गेली, पण असं कधी झालं नव्हतं. धूर यायला वेळ लागतो. निखारे लाल व्हावे लागतात, चिलमीवरचा चांदीचा कागद तापावा लागतो, कोणीतरी आधी छातीतून जोर लावून ओढावं लागतं, तेव्हा कुठे बाटलीतलं पाणी बोलायला लागतं. हे मात्र कोणाची वाट न पाहता आलं होतं, दार उघडंच होतं म्हणून आत शिरलेल्या परक्या माणसासारखं.

"घाबरलात काय, खालती?" तिचा जावई हैसम हसत म्हणाला. सासूला तो खालती म्हणे, मावशी. "बॉम्ब नाही तो."

"बॉम्ब असता तर दचकले नसते," नुहाद म्हणाली. "ते ओळखीचे आहेत."

लमीस, तिची एकुलती एक मुलगी, हसली नाही. ती फडक्याने टेबलावरचा गाळ पुसत होती, आणि पुसताना आईच्या तोंडाकडे पाहत होती. हैसमने मात्र खुर्ची पुढे ओढली आणि गुडघ्यांवर कोपरं टेकून तो बसला, दुकानात गिऱ्हाइकासमोर बसतो तसा. मजरआ रस्त्यावर त्याचं मोबाइलच्या सामानाचं दुकान होतं, आणि अलीकडे अर्ध्या भिंतीवर बॅटरीवर धूर देणारे हे व्हेपच लावलेले असत. ही नवी जात त्याच्याकडे नमुन्याला आली होती. संपली की टाकून द्यायची, आणि बाजारातल्या नावाजलेल्या मालाच्या निम्म्या भावाची. पेटी मागवायची की नाही ते आज ठरवायचं होतं.

"सांगा, कसा वाटला?"

"अजून तोंडात आहे, बाबा. थांब जरा."

थोडा धूर अजून तोंडातच होता. तो गिळावा की सोडावा हे तिला कळेना. तिने हळूच नाकातून सोडला आणि त्याबरोबर बाल्कनीचा कठडा, कठड्यावरची सब्ज्याची कुंडी, निळ्या पांढऱ्या पट्ट्यांचा तो उन्हाने विटलेला पडदा, सगळं एकदा डावीकडे झुकलं आणि पुन्हा जागेवर आलं. तिने खुर्चीचा हात धरला. चक्कर. हिला, नुहादला, धुराने चक्कर! मुलींना पहिल्यांदा चोरून ओढताना येते तशी, कपाळाच्या आतून सुरू होऊन गुडघ्यांत उतरणारी. ती चक्कर तिला दोघांपासून लपवायची होती. का लपवायची ते आठवायला तिला एक क्षण लागला, आणि आठवल्यावर खुर्चीवरचा हात तिने आणखी घट्ट केला.

कारण लमीसला वाटत होतं की आई अजून रोज ओढते. चार वाजता, इथेच, पडद्याआड. सगळ्या गल्लीला तसंच वाटत होतं. समोरच्या इमारतीतली वदाद दिवसभर कपडे वाळत घालत असे, निदान त्या निमित्ताने बाल्कनीत तरी उभी असे, आणि तिने लमीसला फोनवर सांगितलं होतं: पोरी, तुझी आई बाकी काही खात नसली तरी हुक्का सोडत नाही, मला सावली दिसते ना पडद्यावर. सावली खरी होती. उंच दांडीची, वर चिलीम, खाली फुगीर बाटली, आणि शेजारी बसलेली बाई. सावलीला निखारा आहे की नाही ते पडद्यावरून कळत नाही.

वसंतापासून लमीसने धोशा लावला होता. आमच्याकडे ये. अरमूनला, वर टेकडीवर, हवा चांगली आहे, खोली रिकामी आहे. इथे लिफ्ट बंद, चौथा मजला, वीज जनरेटरवाल्याच्या मर्जीवर, आणि तू एकटी. लमीस चुकीचं बोलत नव्हती, म्हणूनच तिला उत्तर देणं अवघड होतं. नुहाद म्हणायची, बघू. उन्हाळा जाऊ दे. ऑलिव्ह बरण्यांत भरून होऊ देत. मग एकदा फोनवर लमीस रडायला लागली तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "अगं, तुमच्याकडे माझा हुक्का कुठे ठेवणार? तालाची छाती आधीच नाजूक. निखाऱ्याचा धूर चालेल का तिला?" ताला म्हणजे लमीसची मुलगी, रात्री झोपेत शीळ वाजल्यासारखा श्वास घेणारी. बाई जशी म्हणते की दूध गॅसवर आहे, फोन ठेवते आता, तसंच नुहाद ते म्हणाली होती. पण हैसम दुकानदार होता. त्याच्या लेखी प्रत्येक अडचणीला कुठल्यातरी फळीवर एक वस्तू असते. तो शुक्रवारी, आज, दुपारचं जेवण झाल्यावर खिशातून हे पिस्त्याच्या रंगाचं नळकांडं काढून टेबलावर ठेवून म्हणाला होता, घ्या खालती, तुमची अडचण मिटली. ना निखारा, ना राख. हे जमलं तर हिवाळ्याआधी सामान हलवू.

"दोन सफरचंदांच्या चवीचंच आणलंय," तो आता सांगत होता. "तुमचं नेहमीचं. बाबा तेच आणायचे ना?"

बाबा तेच आणायचे. फायेझ, तिचा नवरा. बस्ता मोहल्ल्यातल्या एकाच दुकानातून, एकाच डब्यातून, आणि डबा उघडला की अंगठ्याने तंबाखू दाबून बघायचा, पुरेशी ओली आहे की नाही. त्याचा अंगठा दाभणाने टोचून टोचून घट्टा पडलेला. बाल्कन्यांचे पडदे शिवायचा तो. या गल्लीतले अर्धे पडदे त्याच्या हातचे होते. आपल्या घरचा त्याने सगळ्यात शेवटी शिवला, उरलेल्या कापडाचा, म्हणून एका बाजूला पट्टे उभे आणि एका बाजूला आडवे. ती चिडली होती. तो म्हणाला होता, आडव्या बाजूला तू बस, जाड दिसशील, गल्लीला वाटेल फायेझ बायकोला चांगलं खाऊ घालतो. पडदा ओढला की चार वाजत. म्हणजे घड्याळात काहीही वाजलेले असोत, पडद्याच्या कड्या दांडीवरून घसरल्या की तिच्या अंगाला चार वाजल्याचं कळे. ती इथे बसायची. तो आत गॅसवर निखारे ठेवायचा, चिलमीत तंबाखू बोटांनी सैल करून भरायचा, चांदीच्या कागदाला सुईने भोकं पाडायचा, आणि सगळं बाहेर आणून मांडल्यावर पहिला झुरका घ्यायचा. पहिला, दुसरा, कितीतरी. ते झुरके कडू असतात. कागदाचे, कोळशाचे, तापत्या मातीचे. ते तो घ्यायचा, खोकायचा, कठड्यावरून धूर बाहेर थुंकल्यासारखा सोडायचा आणि डोळे पुसत म्हणायचा, झोपलेल्या गाढवाला उठवतोय, थांब. मग एकदा पाण्याचा आवाज बदलायचा, खोल व्हायचा. तेव्हा तो नळी तिच्यापुढे ठेवायचा. तिने आयुष्यात कधी कडू झुरका घेतला नव्हता. हुक्का तिच्यापर्यंत यायचा तो गोड होऊनच, आणि नळीचं लाकडी तोंड त्याच्या ओठांनी कोमट झालेलं असायचं.

"खालती, घशाला लागतो का?" हैसमने विचारलं.

"हं?"

"घशाला. ओढल्यावर जरा खरखर लागली पाहिजे, नाहीतर ओढल्याचं समाधान नाही. आणि ओढायला जड आहे की हलका?"

तिने पुन्हा ओठांना लावलं. या वेळी सावधपणे, थोडंसं. ठिपका उजळला. विचारलंय तर खरं सांगावं, असं तिला वाटलं. पोरगा मनापासून विचारत होता आणि तोंडातल्या चवीशी खोटं बोलण्याची तिला सवय नव्हती.

"जड आहे," ती म्हणाली. "बारीक काडीतून सरबत ओढल्यासारखं. गाल आत जातात. माझ्या वयाच्या बाईला कवळी असली तर निघून येईल."

हैसम खो खो हसला. "बरोबर. हे मी लिहूनच लावतो दुकानात. पुढे?"

"आधी गोड लागतं. फार गोड. सफरचंद नाही, सफरचंदाची गोळी. आणि दोन सफरचंद म्हणतोस, पण त्यात बडीशेपेचा वास असतो, मध्यावर येतो तो, तो यात नाहीच. आणि शेवटी..." ती थांबली. शेवटी जिभेच्या टोकावर काहीतरी राहत होतं, नव्या चपलेच्या खोक्याचा वास असतो तसं. "शेवटी प्लास्टिक लागतं जरा."

"धूर?"

"धूर बरा आहे. पण पटकन जातो. आमचा धूर पडद्याला धरून बसायचा."

"म्हणजे वाईट नाही," हैसम लमीसकडे वळून म्हणाला. "ऐकलंस? या भावात प्लास्टिक थोडं लागणारच. माझ्याकडे येतात ना यांच्या वयाच्या बायका, डॉक्टरने हुक्का बंद केलेल्या, त्यांना महाग वस्तू परवडत नाही. आणि स्वस्त देऊन वाईट निघाली तर दुसऱ्या दिवशी चप्पल हातात घेऊन येतात. म्हणून म्हटलं, आधी घरच्या माणसाला विचारावं."

"निकोटिन आहे ना पण यात?" लमीस म्हणाली.

"आहेच की. म्हणून तर पोरासोरांना देत नाही मी. ज्यांना आधीच सवय आहे त्यांच्यासाठी आहे हे."

ज्यांना आधीच सवय आहे. नुहाद ते शब्द मनात फिरवत राहिली. आपल्याला कशाची सवय होती? तंबाखूची असेल, तर ती कधी गेली तेही कळलं नाही. फायेझ गेल्यानंतर कॉफीत साखर घालायची राहून गेली, तशीच. सुटायला त्रास होतो म्हणतात, हात थरथरतात, माणूस भिंतीला डोकं आपटतं. तिचे हात थरथरले होते, पण त्या दिवसांत हात थरथरायला कारणं पुष्कळ होती, त्यात तंबाखू कुठली आणि दुसरं काय, हे कोण निवडणार? चाळिसावा दिवस झाला, माणसं पांगली, आणि एका दुपारी झाडताना तिने हुक्का कोपऱ्यातून काढला, पुसला, बाटलीत पाणी भरलं आणि बाल्कनीत आणून मांडला. पडदा ओढला. बसली. चिलीम रिकामी होती. निखारे कसे पेटवायचे, किती लाल झाले की उचलायचे, कागदाला भोकं किती पाडायची, हे तिला येत नव्हतं. म्हणजे येत असेल, इतकी वर्षं कानावर पडून. पण पेटवायचं तर पहिला झुरका स्वतः घ्यावा लागला असता. तिने नळी टेबलावर ठेवली, त्याच्या खुर्चीपुढे, तोंड स्वतःकडे करून. ऊन उतरेपर्यंत ती बसली, मग बाटली धुऊन पालथी घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवं पाणी. पाणी शिळं झालं की वास मारतं, डास होतात, रोज बदलावंच लागतं. एवढंच होतं. याला कोणी काही नाव देऊ नये असं तिला वाटत होतं, म्हणून तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं.

आताही तो तिच्या उजव्या हाताला उभा होता. जेवायला माणसं येणार म्हणून तिने सकाळीच मांडला होता, लमीसला रोजच्यासारखं दिसावं म्हणून. पितळी दांडी, फुगीर काच, काचेत स्वच्छ पाणी.

"ए उम्म लमीस!" लमीसच्या आईला समोरून हाक आली. वदाद कठड्यावर पोटाने ओणवी होऊन, तोंडाच्या कोपऱ्यात कपड्यांचे चिमटे धरून पाहत होती. नुहादचा पडदा अजून उघडाच होता. "काय ओढतेयस गं ते? लिपस्टिक?"

"जावयाने आणलंय!" नुहाद ओरडली.

"लावायचं असतं ते, खायचं नाही! अगं, मला एक आण म्हणावं. माझ्या नवऱ्याला देते, दिवसभर तोंडात काही असलं तर बोलायचा तरी बंद होईल."

"सित्त वदाद, तुम्हाला फुकट देतो," हैसम उठून ओरडला, "पण बाल्कनीत बसून ओढायचं, सगळ्या गल्लीला दाखवून!"

"मेल्या, माझी जाहिरात करतोस होय?" वदाद खूश होऊन म्हणाली, आणि चिमटे तोंडातून काढून तिने एक चादर दोरीवर टाकली, तिच्याआड ती दिसेनाशी झाली.

"कॉफी सांडली सगळी, दुसरी करते," लमीस म्हणाली आणि आत गेली.

नुहादला तिला थांबवायचं होतं. मी करते म्हणायचं होतं. पण उठली असती तर चक्कर हैसमच्या लक्षात आली असती. ती बसून राहिली. आतून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. कॉफीचा डबा खालच्या फळीवर असतो हे लमीसला माहीत आहे, वरचं दार उघडायचं कारण नाही, असं ती स्वतःशी म्हणत होती, आणि आतून पुन्हा एक दार उघडलं, ते वरचं होतं, ते जरा करकरतं. त्याच स्वयंपाकघरात, त्याच गॅससमोरच्या स्टुलावर फायेझ बसला होता. गेल्या ऑक्टोबरात. तेव्हा ती इथे, याच खुर्चीत होती, पडदा ओढलेला, टेबलावर पाण्याचा ग्लास. निखारे तडतडल्याचा आवाज आला होता, मग बराच वेळ काही नाही. ती म्हणाली होती, "ए माणसा, कोळसे पेटवतोयस की झाड लावतोयस कोळशाचं?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली होती. उत्तर आलं नाही तेव्हा तिला वाटलं, बोलणं सुचत नाहीये त्याला, तोडीस तोड काहीतरी शोधतोय. ती वाट पाहत राहिली. उत्तराची. चांगलं काहीतरी बोलेल आणि मग चिमटा हातात घेऊन बाहेर येईल. नंतर माणसं आली, वदाद आली, तिचा नवरा आला, डॉक्टर आला, आणि कोणीतरी गॅस बंद केला, पण निखारे तसेच राहिले होते. इतक्या माणसांच्या पायांतून तिला ते दिसत होते. लाल, मग करडे, मग नुसती आकाराची राख, फुंकर घातली तर मोडेल अशी. कोणीच फुंकर घातली नाही.

"किती दिवस पुरतं हे?" तिने हैसमला विचारलं, काहीतरी बोलायला हवं म्हणून.

"ओढण्यावर आहे. तुमच्यासारख्याला आठवडाभर. संपत आलं की हा दिवा लुकलुकतो."

"मग भरायचं काय?"

"भरायचं नाही. टाकून द्यायचं. दुसरं घ्यायचं."

"असं."

"तीच तर सोय आहे, खालती. धुवायचं नाही, पुसायचं नाही, कोणी पेटवून द्यायला नको. एकट्या माणसाला फार सोयीचं." बोलून झाल्यावर त्याला ते कसं लागलं असेल ते कळलं असावं. त्याने मान खाली घातली आणि बोटाने टेबलावरचा कॉफीचा उरलेला डाग घासू लागला. तो वाईट पोरगा नव्हता. फायेझच्या मयतीला सगळ्यात आधी खांदा त्याने दिला होता.

तिने तिसऱ्यांदा ओढलं. आता चक्कर आली नाही. अंगाने ओळखलं होतं बहुतेक, जुना पाहुणा आला म्हणून बाजूला सरकून जागा दिली होती. आणि तेच तिला सहन होईना. हे इतकं सोपं असायला नको होतं. आता काय सांगायचं? वाईट आहे म्हणावं, तर हा पुढच्या शुक्रवारी दुसरं आणेल, मग तिसरं, याच्याकडे भिंतभर आहेत, आणि त्यातलं एखादं खरंच बडीशेपेच्या वासाचं निघेल. चांगलं आहे म्हणावं, तर अरमून. आणि मी ओढतच नाही, वर्ष होत आलं, असं सांगावं, तर लमीस म्हणेल, मग इथे बसतेस तरी कशासाठी? उत्तर होतं, पण ते लमीसला ऐकू येईल अशा आवाजात सांगता येणारं नव्हतं. अरमूनच्या घराला बाल्कनी होती, पण काचेने बंद केलेली. तिथे पडदा कुठे लावणार, आणि अर्धे उभे, अर्धे आडवे पट्टे तिथे कोणाला समजणार?

लमीस कॉफी घेऊन आली. लांब दांड्याचं भांडं टेबलावर ठेवलं, तीन कप मांडले, ओतली. तिचे डोळे लाल नव्हते, हातही स्थिर होते. नुहादने निरखून पाहिलं आणि तिला वाटलं, नाही, वरच्या कपाटात फक्त वेलची शोधली असेल.

"पेटीवाल्याला संध्याकाळी कळवायचंय," हैसम सांगत होता. "आज नाही म्हटलं तर तो तारीक जदीदातल्या दुकानदाराला देईल सगळा माल. मी काय म्हणतो, लमीस, रंग तीन मागवू, बायकांना रंग लागतात. आणि सामानाचं म्हणाल तर माझ्या मित्राची गाडी आहे, रविवारी..."

त्याचा आवाज चालू राहिला आणि नुहादच्या हाताने मधल्या काळात जे केलं, ते तिने नंतर पाहिलं. तिने झुरका घेतला होता, धूर कठड्याकडे सोडला होता, आणि ते पिस्त्याच्या रंगाचं नळकांडं टेबलावर पलीकडच्या बाजूला, फायेझच्या रिकाम्या खुर्चीपुढे आडवं ठेवलं होतं. ओढायचं तोंड स्वतःकडे वळवून. आणि त्यावर हात तसाच ठेवला होता, पालथा.

नळी कोणाच्या हातात द्यायची नसते, आणि तिचं तोंड कोणाकडे रोखायचं नसतं, तो अपमान. आपल्याकडे वळवून ठेवायची, हात तिच्यावर राहू द्यायचा, आणि घेणाऱ्याने त्या हातावर बोटांनी हळूच वाजवायचं. मगच हात उचलायचा. लग्नानंतर पहिल्यांदा इथे बसले तेव्हा ती सैदा गावच्या माहेराहून आलेली, लाजलेली, घाबरलेली, तिने न वाजवताच नळी ओढून घ्यायला हात घातला होता. फायेझने हात उचललाच नाही. म्हणाला, "बाई, दार वाजवल्याशिवाय आत येतात का?" तिने वाजवलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांच्या हातावर वाजवत आले, भांडण झालेलं असलं तरी, अबोला असला तरी, युद्धाच्या दिवसांत जिन्यात बसून ओढायची वेळ आली तरी. त्याची दोन बोटं, सुईने टणक झालेली, तिच्या मधल्या बोटाच्या हाडावर. टक टक. कधी तो मुद्दाम उशीर करायचा. तिचा हात तसाच राहायचा, ती रागावून म्हणायची, वाजव ना, हाताला मुंग्या आल्या.

हैसम बोलायचा थांबला होता. त्याने हाताखालच्या वस्तूकडे पाहिलं, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. त्यालाही ही रीत माहीत होती, इथे कोणाला माहीत नाही? पण हुक्क्याची. या टाकाऊ नळकांड्याची अशी रीत कोणी करत नाही, ते ज्याचं त्याच्या खिशात असतं. समोर वदादची चादर वाऱ्याने फुगली आणि बसली. नुहादला हात उचलायचा होता. अरेरे, काय हे म्हातारपण, असं काहीतरी म्हणून हसायचं होतं. पण हात उचलला जाईना. वाजल्याशिवाय तो कधी उचललाच नव्हता, त्याला दुसरं काही येत नव्हतं.

मग कोणीतरी वाजवलं. दोन बोटं. टक टक.

लमीस टेबलाच्या त्या बाजूला कधी जाऊन बसली ते तिला दिसलं नव्हतं. बापाच्या खुर्चीत, कडेला, पुरी न टेकता. तिची बोटं मऊ होती आणि त्यांनी वाजवलं तेही भलत्याच ठिकाणी, हाडावर नाही, त्याच्या जरा खाली. आणि बोटं उचलताना ती नुहादच्या कातडीला किंचित चिकटली. चिकट होती. त्या चिकटपणातून एक वास वर आला, सफरचंदाचा, बडीशेपेचा, जुन्या मधाचा. वरच्या फळीवरच्या डब्यातल्या तंबाखूचा, फायेझने अंगठ्याने शेवटची दाबून पाहिलेल्या. आता ती दगडासारखी झाली असणार, नखाने खरवडल्याशिवाय निघत नसणार. लमीसने खरवडून पाहिली होती.

नुहादने मुलीकडे पाहिलं. लमीसचा हात अजून हवेत होता, पुढे काय करायचं ते माहीत नसलेला, लहानपणी ती मध्येच घुसून दोघांच्या हातावर वाजवून पळून जायची तेव्हा असायचा तसा. इतके दिवस नुहादच्या कानांनी कुठेतरी ती टकटक ऐकण्याची तयारी चालू ठेवली होती, रोज चार वाजता, पाणी भरून, नळी ठेवून. आता वाजलं होतं, आणि जे वाजलं ते फायेझचं नव्हतं, आणि त्याचं आता वाजणार नव्हतं. दोन बोटांच्या त्या मऊ आवाजाने हे तिला जेवढं सांगितलं तेवढं मयतीच्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या छातीतून काहीतरी वर आलं आणि घशाशी येऊन थांबलं, कडू, कागदाचं आणि कोळशाचं. तिने ते गिळलं.

वाजल्यावर हात उचलायचा असतो. तिने उचलला.

लमीसने ते नळकांडं घेतलं. ओढलं नाही. नुसतं मुठीत धरून बसली.

"मग..." हैसम हळू आवाजात म्हणाला. "मागवू का, खालती?"

"मागव," नुहाद म्हणाली. "प्लास्टिक लागतं म्हणून सांग त्यांना. बायकांना फसवू नकोस."

"आणि रविवारी गाडी?"

तिने मान हलवली. हो म्हणून. लमीसने डोळ्यांवर पालथा हात धरला, पण नुहाद उठली होती. पडदा सोडवणार तो हैसमच, कड्यांसकट नीट काढ म्हणून सांगावं लागेल, आणि उभे पट्टे, आडवे पट्टे वेगळे करू नकोस. ते नंतर. आधी पाणी. तिने हुक्क्याची दांडी फिरवून बाटलीतून काढली, बाजूला टेकवली, आणि बाटली दोन्ही हातांनी उचलून कठड्याशी नेली. फायेझ हुक्क्याचं पाणी कुंडीत कधी ओतू देत नसे. झाड जळतं म्हणायचा, आपल्या पोटातलं काळं त्याच्या पोटात कशाला. हे पाणी सकाळचं होतं. पिता आलं असतं. तिने बाटली सब्ज्याच्या कुंडीवर तिरकी केली, आणि अरुंद गळ्यातून पाणी बाहेर पडता पडता आत हवा शिरली आणि बाटली गुडगुडली. खोल, सावकाश, गाढव उठल्यावर गुडगुडायची तशीच. समोरची चादर बाजूला करून वदाद पाहू लागली.

पाणी भराभर जात होतं. नुहादने बाटली जराशी सरळ केली, धार बारीक केली, आणखी थोडा वेळ पुरावं म्हणून.